जोडी तोडू नका

थोरल्या काकूला राग येत नसे. ती रागातच राहत असे. सकाळी उठली की आधी कावळ्यांवर, मग गॅसवर, मग आमच्यावर. आमच्या मांडवीच्या आळीतली पोरं तिचा आवाज ऐकून दप्तरं उचलत, घड्याळाकडे कोणी बघत नसे. जन्मभर बाजारात मासळीची पाटी घेऊन बसलेली बाई. गिऱ्हाइकाने सुरमईला बोट लावलं की म्हणायची, "डोळ्यांनी बघ मेल्या, बोटांनी काय बघतंस?" तिच्या सावलीत धाकटी काकू, तिची जाऊ. दोघींचे नवरे लवकर गेले. थोरलीचा मुलगा मुंबईला गेला, धाकटीचा पुण्याला, आणि या दोघी शेजारच्या घरात एका चुलीवर राहिल्या. धाकटीचा आवाज मी कधी उंबऱ्याबाहेर ऐकला नव्हता.

एका मे महिन्यात मुंबईकर मुलाने गाडीतून खाऱ्या पाण्याची काचेची पेटी आणली. आत दोन क्लाउनफिश, केशरी अंगावर पांढरे पट्टे, एक मोठा, एक लहान. त्याच्या मुलांना त्यांचा कंटाळा आला होता. नकोशी झालेली वस्तू गावाला आणून टाकायची ही आपल्या चाकरमान्यांची जुनीच खोड. काकूने त्याला अंगणातच झापलं, पण पेटी खिडकीपाशी ठेवून घेतली. माशांची नावंही तिने ठेवली, थोरली आणि धाकटी. मासे कापून हात झिजलेली बाई मासे पाळते म्हणून आळी हसली. "खायचा मासा वेगळा नि घरातलं माणूस वेगळं," एवढंच ती म्हणाली.

पेटीतलं पाणी आटलं की प्रत्येकाची एकच सूचना असे: समुद्र दाराशी आहे, ओता एक बादली. काकू खवळायची. "कालवण आटलं तर त्यात मीठ घालतंस का पाणी घालतंस? पाणी आटतं, मीठ काय आटत नाय! धाकट्ये, विहिरीचं गोडं आण गो." धाकटी निमूट तांब्या घेऊन यायची. ओतायची थोरली, पुसायची धाकटी. या कामाची वाटणी त्यांनी कधी बोलून केली नसावी.

गणपतीला मुंबईकर आणखी तीन मासे घेऊन आला. पेटी भरलेली दिसू दे, म्हणाला. दुसऱ्या दिवशी आरतीपर्यंत मोठ्या माशाने त्या तिघांची शेपटं फाडून ठेवली होती. काकूने तिघांना चहाच्या पातेल्यात घेतलं आणि मला बरोबर घेऊन माशांच्या पेट्यांच्या दुकानात द्यायला गेली. दुकानदाराने समजावलं, हा मासा एकटा राहतो नाहीतर जोडीने राहतो, गर्दी नको. मोठी ती मादी, छोटा तो नर. मोठी गेली की छोटाच वाढतो आणि मादी होतो. घरी येऊन काकू धाकटीला म्हणाली, "ऐकलंस गो? मी मेले की तुला तोंड फुटंल." धाकटी पदराआड हसली. "काय तरीच बोलतंस, बाय."

पुढच्या उन्हाळ्यात थोरली न्हाणीघरात पडली. मोडलं काही नव्हतं. धाकटीने तिला उठवलं, तेल चोळलं, वर चार शिव्या खाल्ल्या. पण दोन्ही मुलगे धावत आले, ओटीवर बसले आणि ठरवलं की ज्याने त्याने आपापली आई न्यायची. घराला कुलूप. त्या दोघी आत भाकऱ्या करत होत्या, त्यांना कोणी हाकसुद्धा मारली नाही. मी म्हटलं, अरे, न्यायचं तर दोघींना एकाच घरी न्या. तर पुणेकर म्हणाला, "ताई, हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

निघायच्या दिवशी मुंबईकराने पेटी माझ्याकडे आणून ठेवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ताई, दोघांना एकाच पेटीत ठेवा हां. जोडी तोडू नका, त्रास होतो त्यांना. मी मोबाइलवर वाचलंय." हे बोलून तो अंगणात गेला. तिथे दोन गाड्या उभ्या होत्या. एका गाडीत त्याने आपल्या आईला बसवलं, दुसरीत धाकटी आधीच बसली होती. माझ्या हातात तांब्या होता, तो त्याच्या टाळक्यात घातला नाही याची चुटपुट मला आजही आहे. एरवी कावळ्याला न सोडणारी थोरली त्या दिवशी नुसती दुसऱ्या गाडीकडे बघत राहिली.

पावसाळा सरायच्या आत थोरली मुंबईतच वारली. धाकटीला कळवलं ते दिवस-कार्य उरकल्यावर. या वयात धक्का बसेल, म्हणे! दोन तपं एका ताटाशी जेवलेल्या बाईला हे धक्क्यापासून वाचवणार होते. शिकून माणसाला एवढीही अक्कल येत नसेल तर त्या शिक्षणाला काय जाळायचंय?

एका सकाळी धाकटी काकू माझ्या दारात उभी राहिली, हातात पिशवी, एकटीच एसटीने आलेली. "माझी पेटी दे," म्हणाली. घराचं कुलूप काढून आम्ही दोघींनी ती उचलून नेऊन खिडकीपाशी ठेवली. दोन्ही मासे धडधाकट होते, मोठा पुढे, छोटा त्याच्या मागे. पाणी थोडं आटलं होतं. तिने विहिरीचा तांब्या आणला आणि स्वतःच ओतला.

तेवढ्यात पुण्याहून फोन आला. "आई, न सांगता गेलीस? तिकडे तू एकटी कशी राहणार?"

"एकटी केलीत कोणी मला? आं? कोणी केलीत, मेल्यांनो?" धाकटी काकू ओरडली. "शेवटचं तोंडसुदा दाखवलं नायत माझ्या बायचं!"

समोरच्या घरातली दोन पोरं दप्तरं घेऊन धावत बाहेर आली. रविवार होता.