रनमास्तरांची चिठोरी

रनमास्तरांनी खिशात हात घातला की समोरचा बोलायचा थांबे. खिशातून निघे एक चिठोरं आणि बोटभर पेन्सिल. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू ते कापून ठेवत. आपण काय बोललो आणि हा माणूस काय लिहून घेतोय, या विचाराने बेचाळीस-त्रेचाळीसच्या त्या दिवसांत भल्याभल्यांची जीभ अडखळे. माझीही.

पलूसजवळच्या आमच्या गावातल्या इंग्रजी शाळेत आम्ही दोघे शिक्षक. ते वाईचे, पन्नाशीचे, एकटे. मी चोवीस वर्षांचा, शाळेत गणित शिकवणारा आणि शाळेबाहेर भूमिगतांचे निरोप पोचवणारा. मास्तरांना 'रन' या एका इंग्रजी शब्दाचं वेड होतं. धावणे हा अर्थ आम्ही पोरांकडून घोकून घेत असू. मास्तर म्हणत, "धावणं हा त्याचा सगळ्यात गरीब अर्थ." नदी रन होते म्हणजे वाहते, नाक रन होतं म्हणजे गळतं, कैदी रन होतो म्हणजे पळतो, दुकान रन करतात म्हणजे चालवतात. प्रत्येक अर्थाला वेगळा मराठी शब्द हवा आणि तो कुणाच्या तरी तोंडचा हवा, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी माधवनगरच्या गिरणीतले कामगार, रेल्वेचा गार्ड, रजेवर आलेले शिपाई, ते कुणालाही सोडत नसत.

वाक्य टिपलं की खाली बोलणाऱ्याचं नाव, ठिकाण आणि वार लिहायची त्यांची पद्धत होती. "शब्द कुणाचा तरी असतो हो. तो घ्यायचा आणि नाव गाळायचं, म्हणजे चोरीच," असं त्यांचं म्हणणं. एका हवालदाराने त्यांना चावडीपुढेच हटकलं, "मास्तर, लय लिवताय. आमची नावं कुणाला धाडताय का काय?" मास्तर नुसते हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

त्यात दर रविवारी ते तालुक्याला फौजदाराच्या बंगल्यावर जात. कशाला, असं विचारलं तर सांगत, त्यांच्याकडे जाडजूड डिक्शनरी आहे, माझे अर्थ तिच्यात सापडतात का ते ताडून बघतो. फौजदाराकडे डिक्शनरी बघायला जाणाऱ्या माणसावर तेव्हा कोण विश्वास ठेवणार?

एकदा त्यांच्या पुस्तकातून एक चिठोरं माझ्या पायाशी पडलं. 'रन, म्हणजे चालणे. मशीन कालपासनं चालतंय. गणपा, चहाचं दुकान, बुधवार.' गणपा आमच्या गटातला. मशीन म्हणजे आमची पत्रकं छापायचं यंत्र, एका मळ्यात कडब्याच्या गंजीत दडवलेलं. बुधवारी गणपा मला हे सांगत होता, तेव्हा मास्तर मागच्या बाकावर चहा पीत होते.

संध्याकाळीच मी गटाचे पुढारी अण्णा यांना गाठलं. ते एवढंच म्हणाले, "गुरुजी, खात्री हाय न्हवं? माणसाच्या अब्रूचं काम हाय." खात्री नव्हती. मी "आहे" म्हणालो.

मारहाण करायची नाही, गावाने त्यांच्याशी व्यवहार बंद करायचा, असं ठरलं. चार दिवसांत न्हाव्याने त्यांची दाढी करणं सोडलं. पाणी भरणारी बाई येईनाशी झाली. ते वर्गात आले की पोरं बसूनच राहत. शेवटी मास्तर माझ्याकडे आले. मी ते चिठोरं त्यांच्यापुढे टाकलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं.

"कसलं मशीन, हे मी विचारलंसुद्धा नाही. मला नुसतं क्रियापद हवं होतं," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "अशी आणखी नावं असतील का हो माझ्याकडे?"

मला घेऊन ते खोलीवर गेले. अकरा वर्षांची चिठोरी एका पत्र्याच्या ट्रंकेत होती. अंघोळीचा बंब पेटवून त्यांनी ती मुठीमुठीने आत घातली. एकही वाचलं नाही. मी दारात उभा राहून मनात म्हणत होतो, पुरावा जाळतोय लेकाचा. अण्णांनाही मी तसंच सांगितलं.

आठवड्याने पोलीस आले, ते थेट मास्तरांच्या खोलीवर. नावं लिहिणाऱ्या मास्तरांची कुणकुण त्यांनाही लागली होती. झडतीत काही सापडलं नाही. मास्तरांना चार दिवस कोठडीत ठेवलं. गणपाचं नाव, दुकान, वार सगळं मास्तरांना तोंडपाठ होतं. मळ्याकडे मात्र कुणी फिरकलं नाही.

सुटून आले आणि त्यांनी नोकरी सोडली. मोटार सुटायच्या वेळी तिथे मी एकटाच होतो. त्यांचा ओठ सुजलेला, त्यामुळे बोलणं नीट उमटत नव्हतं. "आता तरी गावाला सांगाल ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. सांगितलं नाही. सांगायचं तर माझ्या 'आहे'चं काय करायचं, हा प्रश्न होता. स्वातंत्र्यानंतरच्या सत्कारांत तर गावातून खबऱ्या कसा हाकलला, ही गोष्ट मी रंगवून सांगत असे. टाळ्या पडत.

मास्तर गाव सोडून गेल्यावर दोन महिन्यांनी वाईहून एका शिकवणीवाल्यांचं पत्र आलं होतं. हे गृहस्थ आमच्याकडे काम मागतात, त्यांच्याविषयी काहीबाही कानावर येतं, तुम्ही त्यांचे सहकारी, माणूस कसा आहे ते कळवा. मी ते पत्र फाडून टाकलं. मास्तरांना ते काम मिळालं नाही, असं पुढे कळलं.

आज माझी नव्वदी उलटली आहे. त्या पत्राचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. माणूस चोख होता. कामावर घ्यावं.