पोपटी उघडायची घाई

साताऱ्याहून निघालो तेव्हाच डोकं तापलेलं होतं. धाकटी बहीण शकू रोह्याला, कुंडलिकेपलीकडच्या अष्टमीत राहते. आठ महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याला, आमच्या दाजींना, अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी हात टेकले, तरी ही बाई "येईल वाचा" म्हणत बसलेली. दोघांना साताऱ्याला आणायचं, घराला कुलूप लावायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. नाही म्हणाली तर पुन्हा तोंड बघणार नाही, असं बायकोला सांगूनच पिशवी उचलली.

पेणला एसटीचं चाक बसलं. कंडक्टरची "दहा मिनिटं" पाऊण तास चालली. चरफडत समोरच्या गणपतीच्या कारखान्यात शिरलो. ऐन जानेवारीत मूर्तींच्या रांगा लागलेल्या. एक लहानशी मूर्ती शकूसाठी घ्यावीशी वाटली.

"ती ओली हाय, मिळायची नाय," काम करणारी बाई मान वर न करता म्हणाली.

"वाळणार कधी?"

"तिलाच विचारा."

मी चिडून बोट लावून पाहिलं. मूर्तीच्या पोटावर खळगा पडला. बाईने बोट पाण्यात बुडवलं, खळगा बुजवला आणि पुन्हा कामाला लागली. रागाने चार शब्द बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

अष्टमीत पोचलो तो दुपारच्या जेवायच्या वेळेला. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. पण घास गोड लागेना. "बिरडं वाढू?" शकूने दाजींना विचारलं आणि डाव हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबली, मग वाढलं. "भाकरी मोडून देऊ?" पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मला राहवेना.

"शकू, हे काय नाटक लावलंयस?"

"नाटक नाय अण्णा. त्यांना बोलायला जागा नको?"

"आठ महिने झाले!"

"होऊ देत. ते बोलायला जातील नि मध्ये माझीच टकळी चालू असली तर?"

मग मी आवाज चढवून सगळं सांगितलं. साताऱ्यातली खोली, तिथले डॉक्टर, उद्याची सकाळची गाडी. दाजी समोर बसून ऐकत होते, याचंही भान मला राहिलं नाही. "आज संध्याकाळी पोपटी लावायचीय. ती खा, मग बघू," शकू एवढंच बोलली.

पोपटी म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. तळाशी भांबुर्डा (वासाचा रानपाला), त्यावर शेंगा, ओवा, खडे मीठ. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-लाकडं पेटवायची. पाण्याचा थेंब नाही की ढवळणं नाही. वरून पाण्याचा शिपका मारला आणि ते चर्रकन उडून गेलं, की झाली. हा शिपका मारायचा मान वर्षानुवर्षं दाजींचा. यंदा त्यांना परसात खुर्चीवर बसवलं होतं आणि पाण्याचा तांब्या शेजारच्या इब्राहिमभाईंच्या हातात होता. कुवेतला वीस वर्षं काढून परतलेला शांत माणूस.

अर्धा तास मी आगीभोवती येरझारा घातल्या. शेवटी काठी उचलली.

"थांबा अण्णा, अजून पानी टाकून बघितलं नाय," इब्राहिमभाई म्हणाले.

"जळून जातील!" मी काठी मडक्याखाली घातली.

"नाय!" मागून आवाज आला.

"नाय काय नाय!" मी वळूनही न बघता खेकसलो आणि मडकं आडवं केलं.

वाफ आली, पाल्यावर शेंगा सांडल्या. अर्ध्याकच्च्या, हिरव्यागार. आता बोलणी खावी लागणार म्हणून मान वर केली, तर शेंगांकडे कुणी बघतच नव्हतं. इब्राहिमभाई तांब्या धरून तसेच उभे. शकू दाजींच्या पायाशी बसलेली. दाजींचा डावा हात मला अडवायला अजून वरच होता.

"काय म्हणालात?" शकूने विचारलं. आणि थांबली. या वेळी आम्हीही थांबलो.

दाजींचे ओठ हलले. पुढचा शब्द काही आला नाही. शकूने डोळे पुसले, त्यातलीच एक कच्ची शेंग सोलून खाल्ली आणि म्हणाली, "बस, आज एवढं पुष्कळ झालं."

दुसऱ्या सकाळी मी एकटाच निघालो. त्यांना न्यायचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. परतताना पेणला गाडी थांबली तेव्हा कारखान्यात डोकावलो. ती मूर्ती अजून ओलीच होती. या खेपेला हात मागे बांधून उभा राहिलो.

राग अजून गेलेला नाही, फक्त आता तो माझ्यावरच आहे. आठ महिने वाट पाहिली तिने. त्यातून आलेला पहिला शब्द माझ्या वाट्याला आला, आणि मी त्यावर खेकसलो. धीर म्हणजे हातपाय गाळून बसणं, अशी माझी समजूत. ही तर रोज डाव हातात घेऊन त्या शब्दासाठी जागा करत होती.

रविवारी फोन केला. शकूने तो दाजींच्या कानाला लावला.

"दाजी, वाल कसा आलाय यंदा?" मी विचारलं. सवयीने पुढचं बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. पलीकडे श्वास ऐकू येत होता. काय झालं, म्हणून बायको विचारायला आली. मी तिला हातानेच थांबवलं.