पडद्यानं न दिलेला गोल

महेंद्र गजभियेंचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. कटंगीच्या एका सामन्यात चेंडूवर झेपावताना खांदा निखळला, तो पुन्हा नीट बसलाच नाही, आणि बालाघाटातल्या त्यांच्या वॉर्डाच्या फुटबॉल संघाला दुसरा गोलकीपर शोधावा लागला. तेव्हा ते ऐन तिशीत होते. आता शाळेची व्हॅन चालवतात. मैदानावरून व्हॅन नेताना वेग वाढवतात, बघायला थांबत नाहीत.

त्यांचा साळा राकेश मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. मागच्या हिवाळ्यात त्यानं कुठून तरी जुना गेमचा डबा आणला आणि बहिणीच्या घरच्या टीव्हीला जोडला. फुटबॉलचा गेम होता. महेंद्र थोडा वेळ बघत बसले आणि चिडले.

"हा कीपर कोणापाशी शिकला रे? बॉल जवळच्या खांबाकडं येऊन राह्यला अन् हा तिकडं सरकून राह्यला."

"गेम आहे भाऊजी."

"गेम आहे तं काय झालं? फुटबॉलच आहे ना?"

त्या दिवसापासून ते रोज चिडायचे. पडद्यावरचा कीपर पावसात लोळला तरी त्याच्या अंगाला चिखल लागत नसे. समोरचा खेळाडू मोकळा सुटला तरी तो आपल्या बचावपटूंना हाक मारत नसे. गोल खाल्ल्यावर मान खाली घालायचा आणि लगेच तीच चूक पुन्हा करायचा. महेंद्रची बायको मंजू म्हणायची, "टीव्हीसंगं भांडू नका, शेजारचे ऐकतात."

शेवटी राकेशनंच सेटिंगमध्ये शोधून काढलं की दोघांची जोडी करून खेळलं तर एकाला फक्त कीपर हलवता येतो. हे काम कोणी अंगावर घेत नाही, कारण अवघड आहे आणि बराच वेळ नुसतं उभं राहायचं असतं. महेंद्रनी घेतलं. अंगठ्याच्या कामाला खांदा लागत नाही. हळूहळू तो कीपर त्यांना हवा तिथं उभा राहू लागला, आणि जोडी हरेनाशी झाली.

एप्रिलात वॉर्डाच्या मंडळानं समाज भवनात याच गेमची स्पर्धा ठेवली. जिंकणारी जोडी जबलपूरच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होती. राकेशनं आधीच मालकाकडून सुट्टी मागून ठेवली. मंडळाचा वीरेंद्र पंच होता. सुरुवातीलाच त्यानं सगळ्यांना बजावलं, "जो स्क्रीन पे दिखेगा, वही फैसला. मंग मले कोणी काही म्हणायचं नाही."

अंतिम सामन्यात समोर आम्रपाली आणि तिचा भाऊ तेजराम आले. आम्रपाली कॉलेजात शिकणारी पोरगी. तिची एक युक्ती होती. रेघेलगत कोपऱ्याच्या झेंड्यापर्यंत पळायचं आणि तिथून चेंडू मागं सारायचा. तिथं या गेमचे बचावपटू फोटो काढायला उभे केल्यासारखे थिजून राहतात. तिचे सगळे गोल असेच होते. उपांत्य सामना बघताना महेंद्र मोठ्यानं म्हणाले होते, "हे फुटबॉल नोहे." तिनं ऐकलं होतं.

"काका, गेम जसा आहे तशीच खेळते मी," ती म्हणाली होती.

अंतिम सामन्यात राकेशनं लवकर गोल केला. पुढचा सगळा वेळ आम्रपाली हल्ले करत राहिली. भवन खच्चून भरलं होतं, पंख्याची हवा कोणाला लागत नव्हती. महेंद्रनी तिचे फटके एकामागून एक अडवले.

खेळ संपत आला तेव्हा तिनं पुन्हा रेघ धरली. चेंडू मागं आला, तेजरामनं मारला. महेंद्रनी कीपरला झेप घ्यायला लावली. चेंडू हातात आला, पण कीपर चेंडूसकट पार जाळीत जाऊन पडला. सगळ्यांनी पाहिलं. मग तो जाळीतच उभा राहिला, जाळीच्या आरपार चालत बाहेर आला, आणि खेळ तसाच पुढं चालू राहिला. गेमनं गोल दिलाच नाही.

भवनात आरडाओरडा झाला. तेजरामनं खेळ थांबवला. "अरे, अंदर था!"

वीरेंद्र हात वर करून म्हणाला, "स्क्रीन पे नहीं आया. मी आधीच सांगितलं होतं."

आम्रपाली वीरेंद्रशी बोललीच नाही. ती महेंद्रकडे वळली. "काका, तुम्ही सांगा."

महेंद्रना तिची युक्ती आवडत नव्हती. असा गोल खऱ्या मैदानावर कोणी होऊच दिला नसता. पण चेंडू आत होता.

"गोल आहे," ते म्हणाले.

"तुमच्या म्हणण्यानं नाही होत ना भाऊ," वीरेंद्र म्हणाला. "खेळा पुढं."

राकेश त्यांच्या कानाशी आला. "झालं ना भाऊजी. तुम्ही खरं बोलले. आता खेळा चुपचाप."

खेळ सुरू झाला. चेंडू कीपरच्याच हातात होता. महेंद्रनी त्याला वळवून गोलाच्या रेघेकडे चालवलं, पण तिथं भिंत असल्यासारखा तो अडला. गेम त्याला चेंडू घेऊन आत जाऊ देईना. त्यांनी चेंडू खाली टाकला आणि स्वतःच्याच जाळीकडं ढकलला. राकेशनं बचावपटू धावत आणला आणि चेंडू दूर उडवला.

"काय करून राह्यले तुम्ही?"

"त्यायचा गोल त्यायले देऊन राह्यलो."

"अन् माझं जबलपूर?"

घड्याळ पळत होतं. चेंडू पुन्हा कीपरकडं आला. या वेळी त्यांनी तो पायाशी घेतला, गोल उघडा टाकून थेट मैदानाच्या मध्यापर्यंत गेले आणि आम्रपालीच्या खेळाडूसमोर चेंडू सोडून बाजूला झाले. राकेशचा बचावपटू उघड्या गोलाकडं धावत सुटला होता. आम्रपालीनं क्षणभर महेंद्रकडं पाहिलं, मग लांबून मारला. चेंडू हळूहळू घरंगळत गेला. राकेशचा खेळाडू पोहोचला तोवर तो आत होता.

बरोबरी झाली. आता पेनल्टी.

पडद्यावरचा खेळाडू पेनल्टी मारताना कंबर वळवत नाही, नजर देत नाही, त्याच्याकडं पाहून काहीच कळत नाही. महेंद्रनी पडद्याकडं पाहणंच सोडलं. ते शेजारी बसलेल्या आम्रपालीकडं पाहू लागले. डावीकडं मारायच्या आधी तिचा डावा खांदा जरासा वर जायचा. त्यांनी तिचे दोन फटके अडवले. तेजरामचे मात्र कळेनात. तो दगडासारखा बसायचा, आणि त्याचे सगळे आत गेले.

शेवटचा फटका राकेशचा होता. तो आत गेला असता तर जबलपूर त्यांचंच होतं. राकेशनं इतका वेळ बटण दाबून धरलं की चेंडू गोलाच्या खूप वरून गेला. जादा फेरीत तेजरामचा आत गेला, राकेशचा पुन्हा हुकला, आणि सामना संपला.

राकेश गेमचा रिमोट खुर्चीवर ठेवून उठला आणि मोटरसायकल घेऊन निघून गेला. महेंद्र एकटेच चालत घरी आले. मंजूला आधीच कळलं होतं. "माझ्या भावानं किती दिवस वाट पाह्यली होती," एवढंच ती म्हणाली आणि ताट वाढलं. ते जेवले, पण ती समोर बसली नाही.

राकेश घरी यायचा बंद झाला. रविवारी मंजूनं त्याच्या वाटची भाजी झाकून ठेवली, तीही तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेची पोरं सोडून झाल्यावर महेंद्रनी व्हॅन त्याच्या दुकानासमोर उभी केली. राकेश एका फोनची काच बसवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"रागावला?" महेंद्रनी विचारलं.

"गोल त्यायचा होता, मी काय आंधळा आहो?" राकेश म्हणाला. "पण आपण दोघं खेळत होतो भाऊजी. मले विचारायचं होतं."

महेंद्रना हे सुचलंच नव्हतं. कीपर कोणाला विचारत नसतो, झेप घेऊन मोकळा होतो.

"हौ," ते म्हणाले. "विचारायचं होतं. पण तू नाहीच म्हटलं असतं."

"नाहीच म्हटलं असतं. तरी विचारायचं होतं."

एक गिऱ्हाईक आलं. राकेश त्याच्याशी चार्जरबद्दल बोलत राहिला. महेंद्र स्टुलावर बसले. गिऱ्हाईक गेल्यावर राकेशनं पुन्हा तोच फोन हातात घेतला, काच दाबून पाहिली, आणि वर न बघताच समोरच्या टपरीवाल्याला हाक मारून दोन चहा सांगितले.