बँकॉकला निघालेला मेव्हणा

बँकॉकमध्ये रस्ता कसा ओलांडायचा हे मी आजवर निदान चाळीस माणसांना शिकवलं असेल, आणि तेही सगळ्यांना पनवेलमध्ये, वडाळे तलावाच्या काठावर. शिकवायचो म्हणजे करून दाखवायचो. "पट्ट्यांवर विश्वास ठेवायचा नाही," मी सांगायचो. "भाजीची पिशवी घेतलेली तिथली एखादी मावशी हेरायची आणि तिच्या सावलीतून पलीकडे जायचं. तिच्या अंगावर कुणी गाडी घालत नाही." मग तलावाला फेऱ्या मारणाऱ्या एखाद्या खऱ्याखुऱ्या मावशींच्या मागे दबकत चालून दाखवायचो. एकदा त्या मावशी माझ्या बायकोच्या भजनी मंडळातल्या निघाल्या आणि घरी मला खुलासा द्यावा लागला.

मी बँकॉकला सहा वर्षं होतो. उरणच्या बाजूला बंदराजवळ कंटेनरची कागदपत्रं तयार करणारं आमचं ऑफिस आहे. त्याचीच एक शाखा तिकडे आहे. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा परत आलो आणि करंजाड्यात घर घेतलं. तेव्हापासून आसपास कुणाचंही कुणी तिकडे निघालं की त्याला माझ्याकडे धाडलं जायचं. मीही कुणाला रिकाम्या हाती पाठवत नसे. घराच्या उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, लाडानंसुद्धा नाही. वाऱ्यानं नोट उडाली तर ती पायानं दाबून धरायची नाही, कारण तिच्यावर राजाचं चित्र असतं. जेवताना काटा तोंडात घालायचा नाही, त्यानं फक्त भात चमच्यावर ढकलायचा. स्टेशनात किंवा बागेत संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं की जिथे असाल तिथे उभं राहायचं. हे दाखवण्यासाठी मी एक पाय हवेत धरून पुतळ्यासारखा थांबायचो, आणि तलावाकाठची भेळ खाणारी माणसंही नकळत थांबायची.

माझा सगळ्यात जुना श्रोता म्हणजे माझा मित्र. तो उरणच्या कोळीवाड्यातला. ऑफिसात आमच्या खुर्च्या वीस वर्षं शेजारी. मधली सहा वर्षं माझी खुर्ची तेवढी रिकामी होती. तो बोलतो कमी. मी इतकं बोलतो की आमच्या दोघांचं मिळून ते बरोबर बसायचं. त्याचा मुलगा कामोठ्यात क्लासला यायचा, त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस त्याला न्यायच्या आधी मित्र तासभर माझ्याबरोबर तलावावर बसायचा.

वडील जाऊन दीड वर्ष झालं होतं तेव्हा तिकडच्या शाखेत एक जागा निघाली. मला परत जायचं होतं. मुलगी शिकायला पुण्यात होती, बायको तयार होती, एवढंच नाही तर माळ्यावरची मोठी बॅग मी काढून पुसूनही ठेवली होती. लोकांना वाटायचं, मला तिकडच्या गोष्टी सांगायला आवडतात. खरं म्हणजे मला तिथे राहायला आवडायचं, आणि राहता येत नाही म्हणून मी सांगत होतो.

बायकोनंतर ही बातमी मी पहिल्यांदा मित्राला सांगितली. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"जा तू," तो म्हणाला. "तुझीच हाय ती जागा."

पुढच्या आठवड्यात त्यानं विषय काढला. त्याचा धाकटा मेव्हणाही बँकॉकलाच निघाला होता म्हणे, दुसऱ्या कुठल्या कंपनीत. वय तीस. पहिल्यांदाच देशाबाहेर चालला होता. "बुजरा हाय, तुझ्यासमोर यायचा नाय. मला सांग, मी त्याला सांगीन."

"म्हणजे तू ऐकणार आणि तो परीक्षा देणार," मी म्हटलं.

"तसंच समज, शेठ."

इतका चांगला विद्यार्थी मला कधी मिळाला नव्हता. तो चक्क वही आणायचा. भाड्यानं खोली घेतली की घरमालकाकडून आपला पत्ता सरकारदरबारी कळवून घ्यायचा. दर नव्वद दिवसांनी आपण कुठे राहतो ते पुन्हा कळवायचं. गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जाकीट घातलेले मोटारसायकलवाले असतात, त्यांच्यामागे बसताना गुडघे आत घ्यायचे. यासाठी मी बाकावर उलटा बसलो, त्याला पुढे बसवलं आणि गुडघे आवळून दाखवले. फेऱ्या मारणारे दोन आजोबा हे बघायला थांबले. मला काय, प्रेक्षक मिळाले की झालं.

हळूहळू त्याचे प्रश्न बारीक होत गेले.

"बीपीच्या गोळ्या किती महिन्यांच्या नेता येतात?"

"तिसाव्या वर्षी बीपी?"

"त्यांच्या घराण्यातच हाय."

"डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवायला सांग," मी म्हटलं, आणि तिथल्या औषधाच्या दुकानात मी खोकल्याचं औषध खुणांनी कसं मागितलं त्याचं प्रात्यक्षिक सुरू केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसणारा चष्मा तिकडे करून मिळतो का. मी सांगितलं, मिळतो. मग विचारलं, जिने फार असतात का, गुडघा दुखत असेल तर. मी स्टेशनांच्या जिन्यांची नक्कल केली. वीस वर्षं माझ्या शेजारी चष्मा कपाळावर चढवून बसणारा, जिना चढताना कठड्याला धरणारा माणूस समोर होता, आणि मी त्याला त्याच्या बुजऱ्या मेव्हण्यासाठी जिने चढून दाखवत होतो.

मध्यंतरी माझी मुलाखत झाली, फोनच्या पडद्यावर. पलीकडे माझीच जुनी साहेबीण होती. ही बाई प्रश्न विचारून गप्प बसते. उत्तर मिळालं तरी गप्पच बसते, आणि समोरचा घाबरून बडबडायला लागला की काय समजायचं ते समजते. तिच्या या गप्प बसण्याच्या गोष्टी मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो. तिच्याशी बोलताना आपणही थांबायचं, ही माझी अगदी ठरलेली शिकवण होती. पण ती पडद्यावर दिसली आणि मला इतका आनंद झाला की मी पाऊण तास बोललो. तिला पनवेलच्या पुलाखाली साचणाऱ्या पाण्यात रिक्षा कशी तरंगते तेही करून दाखवलं. ती पोटभर हसली. नोकरी मिळालीच असं समजून मी व्हिसाचे फोटो काढायला जुन्या बाजारातल्या स्टुडिओत गेलो.

तिकडच्या व्हिसाला चार बाय सहा सेंटीमीटरचा फोटो लागतो. इथे बहुतेक सगळे पासपोर्टचाच मागतात. फोटोवाला म्हणाला, "या साइजचं या आठवड्यात दुसरं गिऱ्हाईक. हा बघा, असाच ना? परवा अर्जासाठी काढून नेला." त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझा मित्र होता. केस बसवलेले, कधी नव्हे ते कोट घातलेला. गळ्यात मरून टाय होता आणि त्यावर बारीक पांढरे हत्ती. तो टाय मी बँकॉकच्या रविवारच्या बाजारात घेतला होता आणि पंधरा दिवसांपूर्वी मेव्हण्याच्या मुलाखतीसाठी त्याला दिला होता.

फोटोवाला म्हणाला, "जरा हसू कमी करा, व्हिसाला चालत नाही." मी हसत होतो हे मला तेव्हा कळलं.

मित्राला जाब विचारायचा सोडून मी दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी तलावावर गेलो. तो वही उघडून बसलाच होता.

"मेव्हण्याची उद्या मुलाखत हाय," तो म्हणाला. "तिकडची साहेब लोकं कशी असतात, त्याला काय सांगू?"

मी त्याला तीन मिनिटं द्यायला हवी होती. मुकाट्यानं बसलो असतो तर कदाचित तो स्वतःच बोलला असता. पण जागा एकच होती, आणि मी खोटं सांगितलं. "तिकडच्या लोकांना बोलकी माणसं आवडतात. गप्प बसलास की त्यांना वाटतं, याला काही येत नाही. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायचं. मोठ्यानं बोलायचं. विनोद करायचे." त्यानं सगळं लिहून घेतलं. शेवटचं वाक्य मला दोनदा विचारून लिहून घेतलं.

आठवड्यानं ऑफिसात मेल आला. जागा त्याला मिळाली होती. साहेबिणीनं मला वेगळं लिहिलं होतं: तुमची आठवण येते, तुम्ही मला फार हसवलंत, पण या कामाला शांत माणूस हवा. टेबलावर पेढे फिरले. त्यानं मला पेढा दिला तेव्हा माझ्याकडे न बघता माझ्या कॉम्प्युटरकडे बघितलं. मी पेढा घेतला आणि खाल्लाही. नंतर तीन आठवडे आम्ही शेजारी बसून फक्त कंटेनरच्या नंबरांबद्दल बोललो.

तो निघायच्या आदल्या रविवारी त्याच्या बायकोचा फोन आला. "दादा, जेवायला यायचंच. तुमी नाय आलात तर ह्यांना मी विमानात बसू देनार नाय." तिच्यासाठी मी उरणला गेलो.

घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मी आत शिरताच त्याची आई उठली. तिनं माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. "देव तुझं भलं करो रे बाबा. सोताची जागा कोन देतो आजकाल?"

मी मित्राकडे बघितलं. तो पाण्याचे ग्लास भरत होता.

त्याची बायको वाढताना म्हणाली, "ह्यांनी सांगितलं मला सगलं. तुमाला घर सोडवंना म्हनून तुमी नाय म्हनालात, आनि ह्यांचं नाव पुढं केलंत. आनि वर म्हयनाभर बसून सगलं शिकवलंत."

सगळी पंगत माझ्याकडे आदरानं बघत होती. मला आयुष्यात इतके चांगले प्रेक्षक मिळाले नव्हते, आणि या नाटकात मला एकही वाक्य सुचेना. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमचा धाकटा भाऊ कुठे दिसत नाही? तोही निघालाय ना तिकडे?"

तिचा हात हवेतच थांबला. "कोन भाऊ? मला भाऊ नाय, दादा. आमी तिघी बयनीच. म्हनून तर मी तुमाला ओवालते."

तिनं मला भाऊबिजेला ओवाळायला सुरुवात केली त्याला चौदा वर्षं झाली. मी बँकॉकला होतो तेव्हासुद्धा ती फोन समोर ठेवून ओवाळायची. इथे असलो की दर दिवाळीला मी साडी घेऊन जायचो, पाटावर बसायचो, टिळा लावून घ्यायचो आणि लगेच एखादा किस्सा सुरू करायचो. मी तिला वहिनी म्हणतो आणि ती मला दादा, हे कसं काय, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. तिला मी गमतीदार वाटतो म्हणून ओवाळते, असं मी धरून चाललो होतो. त्या घरात मेव्हणा एकच होता, तो म्हणजे मी, आणि तो महिनाभर तलावाकाठी बाकावर उलटा बसून गुडघे आवळत होता.

"हो की," मी म्हणालो. "माझाच घोळ झाला." आणि पुढ्यातलं सुरमईचं कालवण संपवलं. तिच्यासमोर मी एवढंच करू शकत होतो.

जेवण झाल्यावर तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. जाळी वाळत घातलेल्या भिंतीशी थांबला.

"कदी कळलं तुला?"

"फोटोवाल्याकडे. तुझ्या मुलाखतीच्या आधी."

त्यानं मान हलवली. "मला वाटलंच. तीन वर्सं सांगतोयस, बाई गप बसते, आपन पन गप बसायचं. त्या दिवशी उलटंच सांगायला लागलास. आनि हात हलवत नव्हतास. तू खरं सांगतोस तवा तुझे हात हलतात."

"मग तुझं खोटं मला का नाही कळलं?"

"मी तर गोळ्यांचं पन विचारलं. चष्म्याचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं. रोज वाटायचं, आता हा ओळखंल, मंग मी सांगून टाकीन."

"तुला तोंड होतं ना?"

"व्हतं. तू थांबायला पायजे ना, शेठ."

मी त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. "वहिनीला खरं कधी सांगणार?" मी विचारलं.

"तिकडं पोचलो की."

"म्हणजे कधीच नाही."

तो काही बोलला नाही. ज्या गुणावर त्याला नोकरी मिळाली होती तो मी प्रत्यक्ष बघत उभा राहिलो, आणि मग रिक्षा करून निघालो.

त्याला जाऊन दोन महिने झाले. दिवाळीला मी उरणला गेलो. ओवाळून घेतलं आणि तिला काही सांगितलं नाही. तिच्या नवऱ्याचं खोटं आता मीही सांभाळतो आहे, आणि याचा मला त्याच्यापेक्षा जास्त राग येतो. तो मला प्रश्न पाठवत असतो. घरमालकानं पत्ता कळवला की नाही ते कुठे बघायचं, कुठल्या डॉक्टरकडे जायचं. मी वाचतो आणि फोन खिशात ठेवतो. त्याची वही आहे त्याच्याकडे.

गेल्या रविवारी दुपारी मात्र त्यानं वहीत नसलेलं विचारलं: "रविवारी तू काय करायचास इथं?"

याचं उत्तर मी कधीच कुणाला दिलेलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही. रविवारी दुपारी खोली अंगावर येते. तेव्हा जुना पाव घेऊन कालव्यातल्या नावेत बसायचं आणि शेवटपर्यंत जायचं. देवळाच्या धक्क्याला मोठे मासे वर येतात, त्यांना पाव घालायचा. तिथे एक म्हातारी असते, ती काही न बोलता बाजूला सरकून जागा देते. पाव संपेपर्यंत ऊन उतरतं, आणि मग घरी फोन केला तरी आवाजावरून कुणाला काही कळत नाही.

हे सगळं मी टाइप केलं. नावेच्या थांब्याचं नावसुद्धा लिहिलं. मग एकेक अक्षर पुसत मागे आलो. मी लिहितोय हे त्याला तिकडे दिसत असणार. तो थांबला होता; थांबायला त्याला येतं. मी काही पाठवलं नाही.