सोवळ्यात आलेलं समन्स

स्वयंपाकाला कालिंदी आंबेकर असेल तर सोवळ्याची काळजी नको, असं दुर्गाघाटापासून रामघाटापर्यंतची सगळी मराठी गुरुजी मंडळी म्हणत. नाशिकहून, साताऱ्याहून, नांदेडहून माणसं काशीला आईवडिलांचं श्राद्ध करायला येतात. पिंडदान गुरुजी करवून देतात, आणि ब्राह्मणभोजनाचा स्वयंपाक कालिंदीच्या घरून जातो. खीर, वडे, आमसुलाची चटणी, कढी, भोपळ्याचे घारगे. ज्यांच्यासाठी हे सगळं रांधायचं ते काही चव सांगायला परत येत नाहीत, पण कालिंदीचा हात कधी चुकला नाही.

आणि तिचं सोवळं! पहाटे अंघोळ करून, वलणीवर काठीने वाळत घातलेलं नऊवार काठीनेच खाली ओढून एकदा नेसली, की पान वाढून होईपर्यंत तिला कोणी शिवायचं नाही आणि तिने कशाला शिवायचं नाही. मोबाईल वाजवाजून गप्प होई. एकदा शेजारी चोर शिरला, सगळी गल्ली काठ्या घेऊन धावली. ही बाई वडे तळता तळता आतूनच ओरडली, "कुठल्या बाजूने पळाला बघा रे!" मग कितीतरी दिवस पोरं तिची नक्कल करत होती. तीही हसायची.

तिचा नवरा विश्वजीत रेशमी साड्यांच्या दुकानात हिशेब लिहायचा. भला माणूस, पण गार पाण्याचा शौकीन. बनारसच्या जेठातल्या उकाड्यात माठातलं पाणी त्याला पुरेना, म्हणून एका फायनान्स कंपनीकडून हप्त्यांवर फ्रिज घेऊन आला. "खाली तुझी पण सही लागते म्हणतात," असं म्हणून त्याने कागद पुढे केला. नवरा सांगतोय म्हणजे काहीतरी बघूनच सांगत असेल, अशा समजुतीने तिने सही केली. त्या फ्रिजमध्ये तिने स्वतःची एक वाटीसुद्धा कधी ठेवली नाही. सोवळ्याच्या स्वयंपाकात कालचं काही चालत नाही, मग तिला फ्रिज हवा कशाला? गार पाणी पिणारा एकटा विश्वजीत.

पुढे त्याचं दुकान बंद पडलं आणि हप्ते थकले. कंपनीच्या माणसांनी काही महिने फोन करून भंडावलं, मग तेही थांबले. त्यानंतर विश्वजीतला कावीळ झाली, ती हटली नाही, आणि तो गेला. फ्रिज आधीच बिघडला होता, तो भंगारवाल्याने नेला. कालिंदीच्या लेखी विषय तिथे संपला.

पण कर्ज माणसासारखं मरत नाही. त्या कंपनीने ते दुसऱ्या कोणाला तरी विकून टाकलं. कर्जसुद्धा विकता येतं हे कालिंदीला सांगितलं असतं, तर तिने सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं.

समन्स आलं ते पितृपक्षात. वर्षाची निम्मी कमाई त्या पंधरवड्यात व्हायची, आणि त्या दिवशी तर दोन घरची पानं होती. कढीला फोडणी पडत होती, तेवढ्यात दारात कोणीतरी उभं राहिलं.

"माताजी, कचहरी से आए हैं. यहाँ दस्तखत कर दीजिए."

"अभी नहीं छुऊँगी भैया. पितरों का खाना बन रहा है."

"अरे, अदालत का कागज है. नोटिस नहीं, सम्मन है."

"होगा. अभी हम कुछ नहीं छूते. एक बजे के बाद आना, चाय भी पिलाऊँगी."

तो माणूस थोडा वेळ उभा राहिला. त्याचंही बरोबर होतं म्हणा. उन्हातान्हात अख्ख्या शहरभर कागद वाटत फिरणारा, त्याला हिच्या सोवळ्याचं काय कौतुक? त्याने पेन काढून कागदावर काहीतरी लिहिलं, एक प्रत दाराला चिकटवली आणि निघून गेला. तो एक वाजता येईल म्हणून कालिंदीने चहाचं आधणसुद्धा ठेवलं. तो आला नाही. दारावरची प्रत तोवर गल्लीतल्या गाईने ओढून खाल्ली होती. चिकटवायला कणकेची खळ लावली होती ना. महत्त्वाचं असेल तर परत येईल, असं तिने स्वतःला समजावलं आणि दुसऱ्या दिवशीच्या वड्यांचं पीठ दळायला टाकलं.

त्या माणसाने कागदावर लिहिलं होतं, लेने से इनकार.

वर्ष उलटलं. कालिंदी ज्या घरात भाड्याने राहायची ते घर मालकाने विकलं. तिथे आता परगावच्या पाहुण्यांसाठी गेस्ट हाउस होणार होतं. घाटाच्या आसपास दुसरं काय होतंय हल्ली! नशिबाने ब्रह्माघाटावरच्या प्रेमलाताईंची तळमजल्याची खोली रिकामी होत होती, आणि तिच्यात आतच नळ होता. आपल्याला नळ म्हणजे किरकोळ वाटेल. कालिंदीचं पोट त्या नळावर होतं. सामाईक नळावर दहा जणांचे हात लागणार, बादल्यांना बादल्या लागणार, तिथलं पाणी सोवळ्याला चालणार कसं? आणि सोवळं गेलं की श्राद्धाचा स्वयंपाक तिच्याकडे कोण देणार? प्रेमलाताईंना आगाऊ रक्कम द्यायची होती, तेवढी तिने दक्षिणेतून साठवून बँकेत ठेवलेली होती. दिवाळी झाल्यावर ती पैसे काढायला गेली.

"माताजी, आपका खाता तो अटैच है, पैसा नहीं निकलेगा," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "कोर्ट का ऑर्डर है."

कालिंदीला आधी वाटलं, मुलगी दुसऱ्याच कोणाचं खातं बघतेय.

शेजारची मैत्रेयी नुकतीच वकील झाली होती. तिने कचहरीत जाऊन फाईल काढली आणि संध्याकाळी येऊन कालिंदीसमोर बसली. फ्रिजचं कर्ज, व्याजावर व्याज चढून मुद्दलाच्या चौपट झालेलं. कालिंदीची सही सहकर्जदार म्हणून होती. तारखेला कोणी हजर नाही, म्हणून निकाल एकतर्फी. मैत्रेयीला राग आवरेना.

"काकू, हा मुकदमा पहिल्याच तारखेला उडाला असता! दाव्याची मुदत कधीच संपली होती. मग यांनी काय केलं माहितीये? मधे एक हप्ता भरल्याचं दाखवलं, म्हणजे मुदत नव्याने सुरू. आणि तो हप्ता भरलाय कोणी? विश्वजीतकाकांनी. काका गेले त्याच्या पुढच्या दिवाळीला."

"ते कसे भरतील गं?"

"तेच तर! एकदा फाईल उघडली की जज हसतील. पण फाईल उघडायला आधी हा निकाल रद्द व्हायला पाहिजे. अर्ज करू, की तुम्हाला समन्स मिळालंच नाही. तुम्हाला विचारलं तर एवढंच म्हणायचं, नहीं मिला. त्याच्यापुढे एक शब्द नाही. कळलं ना काकू? एक शब्द नाही."

"कळलं," कालिंदी म्हणाली. तिला बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली. प्रेमलाताईही भल्या, होळीपर्यंत खोली धरून ठेवते म्हणाल्या.

तारीख संक्रांतीनंतर लागली. दोघी मैदागिनपर्यंत चालत गेल्या आणि तिथून टोटो रिक्षाने कचहरीला. वाटेत कालिंदी मनातल्या मनात घोकत होती, नहीं मिला, नहीं मिला. मंगळवार होता. न्यायाधीशांच्या कपाळावर हनुमानाच्या शेंदराचा टिळा होता, आणि तो बघून कालिंदीच्या जिवात जीव आला. माणूस देवाधर्माचा दिसतोय, असं तिच्या मनाने घेतलं. याच्या घरी आजी असेल, आई असेल, पितृपक्षात यालाही कोणीतरी चुलीपासून लांब हो म्हणून हाकललं असेल. या माणसाला खरं सांगितलं तर तो समजून घेईल.

"माताजी, सम्मन मिला था?"

"नहीं मिला साहब."

मैत्रेयीने सुटकेचा निःश्वास सोडला. न्यायाधीश कागद चाळत होते.

"इसमें लिखा है आपने लेने से इनकार किया. कोई आया ही नहीं था क्या?"

इथे गप्प बसायचं, किंवा याद नहीं म्हणायचं. मैत्रेयीने पदर ओढूनही पाहिला. पण कालिंदीला गैरसमज दूर करायचा होता. इनकार! तिने कोणाला कधी इनकार केला होता?

"आया था साहब, भला आदमी था. हमने मना नहीं किया. हम सोवळे में थे, पितरों का खाना बना रहे थे. उस समय हम कुछ छूते नहीं. हमने कहा, एक बजे आना. चाय भी रखी थी."

"उसने बताया था कि अदालत का कागज है?"

"हाँ, बताया था."

"और आपने कहा, नहीं छुऊँगी."

"हाँ साहब."

न्यायाधीशांनी लेखनिकाला हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि तो टाइप करायला लागला. समोरच्या वकिलाला जागेवरून उठायचीही गरज पडली नाही. मैत्रेयी मेलेल्या माणसाच्या हप्त्याबद्दल घाईघाईने बोलू लागली, तर न्यायाधीश म्हणाले, वो आज का सवाल नहीं है. त्यांचा स्वर दुष्ट नव्हता. सम्मन समजून-उमजून नाकारलं, म्हणजे ते पोचलं असंच कायदा धरतो. अर्ज नामंजूर झाला आणि पुढच्या मुकदम्याचा पुकारा झाला.

बाहेर चहाच्या टपरीपाशी मैत्रेयीचे डोळे भरून आले होते. "काकू, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"खोटं कसं बोलू गं?"

"खोटं नव्हतं बोलायचं. गप्प बसायचं होतं!"

"त्याच्या कपाळाला शेंदूर होता," कालिंदी म्हणाली. "मला वाटलं, त्याला तरी कळेल."

मैत्रेयी अपिलाचं बोलली. पण अपिलालाही पैसे भरायचे, आणि पैसे होते त्याच खात्यात. कालिंदी नको म्हणाली. तिला आता कोणासमोर उभं राहून सोवळं म्हणजे काय ते सांगायचं नव्हतं. काही दिवसांनी खातं रिकामं झालं. होळीनंतर प्रेमलाताईंनी खोली दुसऱ्यांना दिली. त्या स्वतः येऊन सांगून गेल्या, रडल्यासुद्धा, आणि त्यांच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं.

कालिंदीला मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. पाच बिऱ्हाडांत एक नळ, तोही खाली अंगणात. सगळ्यांच्या आधी उठून ती पाणी भरून आणायची. पण गल्लीत अशी गोष्ट लपते थोडीच? एकेक गुरुजी दुसरीकडे वळले. रामघाटचे बाळशास्त्री तेवढे टिकून राहिले. "वहिनी, तुम्ही म्हणताय सोवळं आहे, म्हणजे आहे," असं ते म्हणाले, तेव्हा तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण त्यांच्या एकट्याच्या कामावर भागणार किती? ती भाडं द्यायची आणि एक वेळ जेवायची.

पुन्हा पितृपक्ष आला. साताऱ्याचे यजमान होते, त्यांच्या आईचं श्राद्ध. कालिंदी सोवळ्यात होती. खीर झाली होती, वड्यांसाठी तेल तापत होतं, भात वाफेला आलेला. जिन्यावर बुटांचा आवाज झाला.

"कोई है? एक लिफाफा है, साइन करना है."

तिने हातातली पळी टाकली आणि धावली. ओल्या हाताने तिने त्या माणसाचं मनगटच धरलं, तो निघून जाऊ नये म्हणून. त्याच्याकडून पेन घेतलं, त्याने दाखवलं तिथे सही केली, लिफाफा हिसकावून घेतला. "हमने मना नहीं किया," ती त्याला म्हणाली. "देख लो भैया, हमने ले लिया. लिखना मत कुछ." तो पोरगा गोंधळून तिच्याकडे बघत जिना उतरला.

लिफाफा उघडला. शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलाने मागवलेलं मोबाईलचं कव्हर निघालं.

ती तशीच उभी राहिली. सोवळं मोडलं होतं. आता पुन्हा अंघोळ, दुसरं लुगडं, नवं पाणी, आणि सगळा स्वयंपाक पहिल्यापासून. खाली नळावर कपड्यांच्या बादल्या लागल्या होत्या, बायकांचं भांडण वरपर्यंत ऐकू येत होतं. तिकडे रामघाटावर पिंड पडत आले असतील. हेच एक ओवळं होऊ नये म्हणून तिने समन्सचा तो कागद घेतला नव्हता. त्यापायी नळाची खोली गेली, साठवलेलं सगळं गेलं.

तेल धुरायला लागलं. कालिंदी आत गेली, हात पदराला पुसले आणि वडे सोडले.

पानं वाढली गेली. जेवून झाल्यावर बाळशास्त्री तृप्त होऊन तिच्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्याबाहेर, तिला शिवणार नाही इतक्या लांब उभे राहिले. दक्षिणेचं पाकीट त्यांनी वाकून जमिनीवर ठेवलं.

"वहिनी, दुसऱ्या कोणाकडे मी का जात नाही ठाऊक आहे? तुमच्या हातचं खऱ्या सोवळ्यातलं. यजमानांच्या आईला पोचलं बघा."

कालिंदीने मान हलवली. गप्प बसायला ती आता शिकली होती.