बेबाबाईचे निळे दिवे

पिंप्राळ्याची बेबाबाई सपकाळे जळगावला मोतीलालशेठच्या दुकानात कामाला जायची. शेठ लग्नाकार्याला मांडव आणि रोषणाई भाड्यानं द्यायचे आणि रोषणाईचे बल्ब रंगवायचं काम बेबाबाईचं. स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवायची, त्यात रंग कालवायचा, बल्ब बुडवायचा आणि दोरीला टांगून वाळवायचा. तिच्या बल्बावर ओघळ म्हणून दिसायचा नाही.

सदुसष्ट सालच्या भीमजयंतीला पिंप्राळ्यात तिच्या वस्तीत पहिल्यांदाच विजेची रोषणाई झाली. सगळे दिवे निळे आणि सगळे बेबाबाईच्या हातचे. पहिल्या संध्याकाळी बायका उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. कार्यक्रम मात्र आठवडाभर होते. चार संध्याकाळी दिवे जळले आणि जयंती मंडळाचे आधार आबा कमानीखाली थबकले. वर बघत म्हणाले, "हाऊ निळा शे का हिरवा?"

"बठ्ठा हिरवा व्हई गया!" मागून कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले.

बेबाबाई हसली नाही. लग्नाच्या मांडवात निळ्याचं हिरवं झालं तर कुणी विचारत नाही. पण हा रंग झेंड्याचा होता, तिच्या माणसांचा होता.

दुसऱ्या दिवशी तिनं शेठना विचारलं. शेठ म्हणाले, "लाखेचा तो गुणच आहे, बेबाबाई. दिवा जळला की रंग बदलतो. म्हणून तर आपण दर हंगामाला बल्ब नव्यानं बुडवतो."

"पण कशानं बदलतो, शेठ?"

"ते मी कधी बघितलं नाही. तुम्ही बघा, बल्ब लागतील तेवढे घ्या."

तिनं एकाच वाटीतून दोन बल्ब निळे केले. एक घरात टांगून रोज पेटवला, दुसरा पेटीत ठेवला. पेटीतला तसाच निळा राहिला, पेटलेला हिरवट झाला. म्हणजे निळा रंग खोटा नव्हता. मग तिसरा बल्ब तिनं रंग न घालता नुसत्या लाखेत बुडवला आणि पेटवत राहिली. काही दिवसांत लाख गुळासारखी पिवळी-तांबूस झाली. वर टोपीजवळ, जिथं सगळी ऊब चढते, तिथं तर पार काळपट. बेबाबाई कपाळावर हात मारून एकटीच हसली. निळा उडालाच नव्हता! त्याच्या अंगची लाख तापून तापून पिवळी पडत होती, आणि निळ्यात पिवळं मिसळलं की हिरवं होणारच.

कारण कळलं, पण बल्ब तर तापणारच. छोटा बल्ब लावून बघितला. रंग थोडा जास्त टिकला, तरी शेवटी हिरवाच. शेवटी तिच्या मनात आलं, रंग बल्बाला चिकटवायचाच कशाला? वीज आल्यापासून कंदील माळ्यावर पडला होता. त्याची काच काढून तिनं बाहेरून निळ्या लाखेत बुडवली, वाळवली आणि तारेनं अशी टांगली की छोटा बल्ब मधोमध लोंबावा, काचेला कुठं टेकू नये. खालून गार हवा आत जायची, तापलेली वरून निघून जायची. बल्बाला बोट लावलं तर चटका बसे. काचेवर मात्र हात ठेवून उभं राहता यायचं. ती काच तिनं दिवाळीपासून होळीपर्यंत रोज पेटवली. रंग हलला नाही.

अडुसष्टची जयंती जवळ आली तेव्हा आधार आबा म्हणाले, "या वर्षी दिवे भुसावळहून आणू या का?"

"आबा, दिवे मी करते," बेबाबाई म्हणाली. "मला फक्त घरोघरच्या कंदिलाच्या काचा द्या."

"काचा? आणि पुन्हा हिरवं झालं तर?"

"तर पुढच्या वर्षी भुसावळहून आणा."

आबांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि स्वतःच टोपली घेऊन निघाले. कुणी काच पुसून दिली, कुणी काजळी लागलेली तशीच दिली. बायकांनी राखेनं घासून लख्ख केल्या. मोतीलालशेठनी होल्डर आणि वायर पाठवली, आणि काचा टांगायला दुकानातला वायरमन भिकनही पाठवला. बेबाबाईनं एकेक काच आपल्या हातानं बुडवली.

चैत्राचं ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं फिरकेना. पण संध्याकाळ झाली की वस्ती निळी व्हायची. शेवटच्या दिवशी मिरवणूक कमानीशी आली तेव्हा सगळ्यांच्या माना आपोआप वर गेल्या. काचा पहिल्या दिवशीसारख्याच निळ्या होत्या. आबांनी ढोल थांबवायला लावला.

"बेबा, पुढे ये," ते म्हणाले. "आज मिरवणुकीत झेंडा तू धर."

बेबाबाईनं पदर खोचला आणि झेंडा घेतला. तिची सासू रुक्माबाई शेजारणीला कोपरानं ढोसून सांगत होती, "मनी सून शे ती!"

पुढच्या वर्षी धुळ्याहून बोलावणं आलं, मग शिरपूरहून. मोतीलालशेठ गिऱ्हाइकाला सांगायचे, "निळं काम हवं तर तारीख बाईंना विचारा, त्यांच्या हाताखाली आता चार जणी आहेत." आणि बेबाबाई आतूनच विचारायची, "किती दिवस पेटणार दिवे? ते आधी सांगा."