तहानलेलं लाकूड

कोणतंही वाद्य हातात घेण्याआधी महादबा त्याचा वास घेत. वाशीमच्या बाहेर त्यांचा वांगी-मिरच्यांचा मळा होता, आणि गावच्या भजनी मंडळाच्या वीणा-पखवाजांची देखभाल त्यांच्याकडेच असे. मी तेव्हा शाळेत नुकताच लागलेला मास्तर. हौसेनं नागपूरहून एक जुनी गिटार आणली होती. गावात दुसरी गिटार नव्हती. त्यामुळे मला ती वाजवता येत नाही हे ओळखणारंही कोणी नव्हतं.

तिचा आवाज बसला म्हणून मी ती महादबांकडे नेली. त्यांनी मधल्या गोल भोकाला नाक लावलं.

"गुरुजी, याले खोबरेल काहून लावलं?"

"लाकूड चांगलं राहावं म्हणून."

"अन् तारायले?"

"तारांनाही लावलं."

"मंग डोक्शाले उरलं नसंन," माझ्या राठ केसांकडे पाहत ते म्हणाले.

तेलावर धूळ बसून तारांची पार वाट लागली होती. त्यांनी त्या उतरवल्या, कोरड्या फडक्यानं लाकूड पुसलं. "वाजवून झालं का असंच पुसायचं. घाम खारा असते, तारेले खाते." मी ते वहीत लिहून घेतलं. वाजवण्याचा प्रश्नच नव्हता, निदान पुसण्यात तरी पटाईत व्हावं!

चैत्रात ते घरी आले तेव्हा गिटार मी पत्र्याखालच्या खोलीत, लोखंडी पेटीत जपून ठेवली होती. पेटीला हात लावताच त्यांनी तो मागे घेतला. "झाड तोडलं म्हून त्याची तहान गेली काय, गुरुजी?" त्यांनी गिटार मधल्या खोलीत, माठापासून हातभर अंतरावर टांगली. त्या उन्हाळ्यात घरातली थंड जागा तिला मिळाली आणि पत्र्याखाली मी झोपलो.

पुढच्याच वर्षी माझं लग्न ठरू लागलं. रिसोडहून मुलीचे वडील मला पाहायला येणार होते. मुलगा गिटार वाजवतो, असं मध्यस्थाला मीच सांगून बसलो होतो. आदल्या दिवशी आवाज चढावा म्हणून खुंट्या पिळल्या आणि तारांखालची घोडी खाडकन उखडून आली. मी धावत मळ्यात गेलो. महादबांनी वांग्यांचं पाणी थांबवलं, सरस तापवून घोडी चिकटवली, वर दगड ठेवला.

"आठ दिवस तार चढवाची नाही."

"पण पाहुणे उद्या येताहेत!"

"पाव्हणे तुमाले पाह्यले येऊन राह्यले का याले?"

"मला. म्हणूनच तर गिटार हवी!"

ते हसले, पण गिटार काही दिली नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी वादनाचा विषय काढलाच. मी "गिटार जरा..." म्हणून अडखळलो. जेवणासाठी वांगी घेऊन आलेले महादबा दारात बसले होते.

"वाजवता येत नाही त्यायले," ते शांतपणे म्हणाले. "पण चूक दाखवली तं आयकते. अन् हातातली वस्तू जपते. दोन वर्सं पाहून राह्यलो."

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. "येवढं पुरे," ते म्हणाले. दिवाळीनंतर लग्न झालं. चूक ऐकण्याबद्दल महादबांनी जरा वाढवूनच सांगितलं होतं, असं बायकोचं मत आहे.

वर्षभरानं माझी बदली अकोल्याला झाली. पुढच्या उन्हाळ्यात महादबा गेले, त्यामुळे निघण्याच्या सकाळची भेट शेवटची ठरली. प्रवासात ताण नको म्हणून ते तारा सैल करायला आले होते. खुंटीवर त्यांचा हात थांबला.

"गुरुजी, एक डाव वाजवून दाखवा ना. म्या हे वाजताना आयकलंच नाही."

तीन वर्षं ज्यांनी ती पुसली, चिकटवली, उन्हापासून वाचवली, त्यांच्यासमोर मी लाजेनं एकदाही वाजवली नव्हती. एवढ्या दिवसांत एकट्यानं शिकलेली एकच चाल मी वाजवली. दोनदा अडलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ते डोळे मिटून, मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"लाकूड गोड बोलते, गुरुजी," ते म्हणाले आणि तारा सैल करू लागले. माझ्या बोटांचा विषय त्यांनी काढला नाही.